एकास एक

एका जंगलात एक राजा असतो, हे तुम्हाला माहीतच आहे, मुलांनो. या जंगलात दोन होते. सगळी गडबड तिथूनच सुरू झाली.

ओढ्याच्या अलीकडे वाघाचं राज्य, पलीकडे अस्वलाचं. मधे मोहाची राई. अस्वलाला मोहाची फुलं जीव की प्राण. वाघ फुलं खात नसे, पण राई आपलीच आहे असं त्याला फार वाटायचं. न खाणाऱ्याला जरा जास्तच वाटतं.

या राईपायी दरवर्षी लढाई व्हायची. राजे टेकडीवर उभे राहून डरकाळ्या फोडायचे आणि बाकीचे खाली मरायचे.

वाघाच्या राज्यात साळूबाई राहायची. जातीनं साळिंदर. दातांनी लाकूड कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा नवरा काटेराव वाघाच्या सैन्यात पहिल्या रांगेत होता. अंगावर काटे आहेत म्हणून पहिल्या रांगेत, एवढीच त्याची पात्रता. स्वभावानं तो भित्रा होता. गेल्या लढाईतून तो निम्मे काटे गमावून परतला होता आणि कितीतरी दिवस घरात पान पडलं तरी दचकत होता. मोह फुलायचे दिवस जवळ आले की साळूबाईच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या वर्षी मात्र टिटवी मधे पडली. तिचं घरटं माळावर, अगदी उघड्यावर. ती अलीकडची नव्हती आणि पलीकडचीही नव्हती. पण लढाईत तिची अंडी दोन्हीकडच्या पायांखाली यायची.

ती दोन्ही राजांना म्हणाली, "महाराज, खरी लढाई कशाला? पटावर खेळा. लाकडाचं छोटंसं सैन्य करा, फासे टाका. जो जिंकेल त्याची राई."

"छोटंसं?" वाघानं मिशी वाकडी केली.

"आणि दोघांचा एकेक महारोबो," टिटवी म्हणाली.

महारोबो म्हणजे सागाहून उंच असा यंत्राचा राक्षस. पोटात राजा बसणार, खांद्यावर तोफा, पाऊल टाकलं की धरणी हादरणार. असा राक्षस त्या जंगलात कुणीच पाहिला नव्हता. पण दोन्ही राजांच्या स्वप्नात तो रोज यायचा. दोघंही जागच्या जागी कबूल झाले.

कोरायचं काम साळूबाईकडे आलं. यंदा नवरा घरी राहणार, या आनंदात तिनं झपाटून काम केलं. महारोबो केला आवळ्याएवढा आणि सैनिक मोहरीएवढे. तिचं म्हणणं, सैनिक बारीक असले तरच महारोबो महा दिसेल.

ओढ्याकाठच्या कातळावर पट मांडला. वाघ वाकून बघू लागला.

"हे काय सांडलंय?"

"आपलं सैन्य, महाराज. ही हरणं, ही रानडुकरं, आणि हा आमच्या ह्यांच्यासारखा."

वाघानं आणखी जवळून पाहिलं, आणि त्याला शिंक आली. दोन्ही सैन्यं ओढ्यात गेली.

"मी जिंकलो," वाघ म्हणाला.

"शिंक नियमात नाही," टिटवी म्हणाली.

मग माप वाढवायचं ठरलं. साळूबाईनं सैनिक बोराएवढे केले आणि महारोबो नारळाएवढे. आता अस्वलाची तक्रार आली.

"रोबोच्या खिडकीत मी बसलोय ना? मग माझे कान कुठे आहेत?"

"या मापात कान येत नाहीत, महाराज."

"कानाशिवाय मी कोण आहे हे शत्रूला कसं कळणार?"

पुन्हा माप वाढलं. सैनिक वितीएवढे झाले. अस्वलाला कान मिळाले, तर वाघाला अंगावरचे पट्टे मोजून हवे होते. पट्टे मावावेत म्हणून रोबो वाढला. रोबो वाढला म्हणून सैनिक वाढले. सैनिक वाढले म्हणून पटावरची झाडं वाढली, आणि पट कातळावर मावेना. तो माळावर नेला. टिटवीनं आपली अंडी उचलून बांधापलीकडे ठेवली. पंचाला काहीतरी सोसावंच लागतं, असं ती स्वतःला म्हणाली.

साळूबाईचे दात झिजले, पण तिनं कुरकुर केली नाही. जोवर माप ठरत नाही तोवर लढाई नाही, हे तिला दिसत होतं. मोह फुलत आला होता आणि काटेराव घरी पेरू खात बसला होता. आणखी काय हवं? राजे "थोडं मोठं" म्हणाले की ती मान डोलवून थोडं मोठं करायची.

एके दिवशी वाघ म्हणाला, "हे थोडं थोडं बास झालं. एकास एक माप घ्या. जे जेवढं आहे तेवढं."

अस्वल मागे राहणार थोडंच? "मी तेच म्हणणार होतो," अस्वल म्हणालं.

दोन राजांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शांततेवर भाषण केलं आणि दोन्ही सैन्यांनी टाळ्या वाजवल्या. काटेरावानंही वाजवल्या.

साळूबाईनं तेवढं विचारलं, "महाराज, एवढे मोठे सैनिक मी कधी कोरणार?"

"कोरायचे कशाला?" वाघ म्हणाला. "ते तयारच आहेत. याच मापाचे."

टाळ्या थांबल्या. काटेरावाचे हात मात्र हवेतच राहिले.

त्या दिवशी साळूबाई घरी जाऊन उरलेले लाकडी सैनिक कुरतडत बसली. आपण हसत हसत माप वाढवत गेलो, ते वाढत वाढत आपल्याच दारात आलं, हे तिला आतून खात होतं. काटेरावच शेवटी म्हणाला, "तुझी काय चूक गं? मीच या मापाचा जन्मलो."

हत्तींनी सागाचे ओंडके वाहून आणले आणि खरोखर सागाहून उंच असे दोन महारोबो उभे केले. वेलांचे दोर ओढले की खांद्यावरून ओंडका सुटायचा. हाही एकास एक, त्यामुळे लागला तर खराच लागणार होता. माळावर सैन्यं मांडली गेली. हो, मांडली. सोंगटीला बूड हवं, म्हणून प्रत्येकाच्या पायाखाली डिंकानं लाकडाची गोल चकती चिकटवली. सोंगटीनं आपल्या मनानं हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच. काटेराव पहिल्या रांगेत थरथरत होता आणि त्याची चकती जमिनीवर खडखड वाजत होती.

साळूबाई बांधावर उभी होती. फुटलेल्या चकत्या बदलायचं काम तिच्याकडे होतं.

अस्वलाच्या रोबोनं पहिला ओंडका सोडला. तो हवेतून गरगरत आला. साळूबाईनं डोळे मिटले. धप्प आवाज झाला. डोळे उघडले तर ओंडका चिखलात पडला होता आणि काटेराव जागेवरच उभा होता.

टिटवीनं फासा टाकला. वाकून बघितला.

"काटेराव मेले," ती म्हणाली.

"मी?" काटेराव म्हणाला. "मला तर लागलंच नाही."

"लागलं की नाही ते फासा ठरवतो. मेलेल्यानं पटावर थांबायचं नाही."

काटेराव गोंधळून बांधाकडे बघू लागला. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. त्याला आयुष्यभर तसंच वाटत आलं होतं.

साळूबाई पळत त्याच्यापाशी गेली आणि चकती दातांनी फोडू लागली. "अहो, पंचांशी वाद घालताय? त्या मेले म्हणतायत ना? मग मेला आहात. चला, राईत जाऊन पडू."

ती त्याला हाताला धरून घेऊन गेली. सगळ्या सैन्यानं ते पाहिलं. मेलेला काटेराव मोहाखाली बसला, त्यानं पायाचा डिंक खरवडला आणि एक फूल तोंडात टाकलं.

यानंतर लढाई फार भयंकर झाली. दुसरा ओंडका सुटायच्या आधीच एक चितळ मेलं. अस्वल खोकलं तेव्हा रानडुकरांची आख्खी रांग गारद झाली. दोन सशांची तर हातघाई झाली. एक म्हणे मी आधी मेलो, दुसरा म्हणे मी. टिटवीनं दोघांनाही एकाच फाशात मारलं. फासा टाकून टाकून तिचा पंख दुखायला लागला, पण तिचा चेहरा उजळला होता.

थोड्याच वेळात पटावर फक्त दोन महारोबो उरले. वाघानं पुढे जायचा दोर ओढला, तर रोबोचा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतला. अस्वलाचा तर आधीच रुतला होता. खाली उतरणं म्हणजे हरणं, म्हणून दोघंही उतरेनात.

"कुणाची पाळी?" वाघानं वरून विचारलं.

"अस्वल महाराजांची," टिटवी म्हणाली. "ते विचार करतायत."

ते अजून करतायत. मोहाची फुलं टपटप पडत होती. अलीकडचे मेलेले आणि पलीकडचे मेलेले ती शेजारी शेजारी बसून वेचत होते.

वाघाला भूक लागली आणि खेळ लवकर संपावा असं वाटलं, तेव्हा त्यानं खिडकीतून हाक मारली, "माझ्यासाठी लढणारं कुणी आहे का तिथे?"

साळूबाईनं नवऱ्याला कोपर मारलं. काटेराव उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज कापला नाही.

"कुणीच नाही, महाराज," तो म्हणाला. "आम्ही सगळे मेलो."

वाघाला भरून आलं. अशी प्रजा मिळायला भाग्य लागतं, असं म्हणून त्यानं डोकं खाली घातलं आणि बराच वेळ शांतता पाळली. राईत सगळे ती ऐकत होते आणि फुलं चावत होते.

तात्पर्य : लढाईचं माप ठरत असताना शहाण्यानं मधे बोलू नये. आपण त्या मापात बसतो का, तेवढं बघावं, आणि बसत असलो तर पहिल्याच फाशाला मरून घ्यावं. शेवटपर्यंत जिवंत राहतात त्यांचे फार हाल होतात.