ओढ्याच्या ऱ्हस्वदीर्घाची बखर

काना-मात्रेस नमन, वेलांटीस विशेष दंडवत. शके सोळाशे अमुक, मेघनाम संवत्सरे, भाद्रपद मासी वर्तमान ऐसे जे, महाराजांचे मनी आले की, ढग इतके दुरून येतात, त्यांस तोंड पाहावयास आरसा असावा. मग ओढा बांधोन तळे केले, आणि ढग येऊन खाली वाकोन पाहो लागले, आणि खालच्या अंगास गजाई कुंभारणीचे चाक थांबले, माती भेगाळली, गाव सोडावयाची वेळ आली. मग गजाई थोर न्यायसभेत जाऊन म्हणाली, "राज्याच्या मूळपत्रात वचन आहे, 'रयतेचे पाणी बांधो नये.'" सरकारी वकील त्रिंबकपंत हसोन बोलिले, "बाई, मूळपत्र मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्वदीर्घ नाही. तो शब्द पाणि, म्हणजे हात. तुझे हात बांधले का कोणी?"

"मोकळेच आहेत की! म्हणून तर रिकामे."

मग पाच न्यायमूर्ती विचारास बैसले. दोघे म्हणाले हात, दोघे म्हणाले जळ, आणि पाचवे नागेशशास्त्री निजले होते. न्यायमूर्तीस उठविणे हा अवमान, सबब सभा एक वर्ष सात मास हळू बोलत राहिली, आणि गजाई पायरीवर हवेचीच मडकी घडवीत होती, आणि ती उडोन जात होती. मग एके दुपारी शास्त्रीबुवा डोळे न उघडता गरजले, "पाणी!"

निकाल लागला म्हणोन सभा हर्षली. कारकुनाने तत्काळ लिहून घेतला. मोडीत.

"झाले! पुन्हा तेच," पंत म्हणाले.

गजाई ओरडली, "अहो लिहिता काय, त्यांस तहान लागली आहे!"

परंतु सभेचा हौदही त्याच ओढ्यावरचा, कोरडा ठणठणीत. मग पंतांनी शब्दास जागोन आपला हात पुढे केला. शास्त्रीबुवांनी तळव्यात बराच वेळ पाहिले आणि पुसिले, "पंत, यात काय पिऊ?"

पंतांनी हात मागे घेतला. मग शास्त्रीबुवांनी निकाल सांगितला की, "हातावाचून पाणी तोंडास येत नाही, पाण्यावाचून हात म्हणजे नुसता नमस्कार. वचन ओंजळीचे आहे. दोन्ही बांधो नये."

महाराजांनी निरोप धाडिला, "मग ती ओळच खोडितो." सभेने उत्तर दिले, "मूळपत्र खुशाल दुरुस्त करावे, परंतु ओंजळीस भोक पाडू नये."

मग बांध फुटला, आणि गजाईची माती भिजली, आणि चाक फिरले. एवंच, ओढा मोकळा, हात मोकळे, आरसा वाहोन गेला. ढगांनी अद्याप अपील केलेले नाही. घडले ते इतुके.