हॉबर्ट व्हिटकोम यांचा रिकामा रकाना

हॉबर्ट व्हिटकोम कधी जन्मलेच नव्हते आणि मंगळवारी दुपारी ते राहायला येणार होते. वंशावळ कचेरीचं तसं रीतसर पत्र आलं होतं.

चूक शलाकाची होती. नवरा डॅनियल, त्याचं घराणं मॅसॅच्युसेट्समधलं, तीनशे वर्षांचं. मूळपुरुषापर्यंत पोचायची हौस त्याची, फॉर्म भरायचा कंटाळाही त्याचाच. म्हणून कराडच्या शलाकाने फॉर्म ओढून घेतला. १७४० साली जन्मलेल्या जोसाया हॉबर्ट व्हिटकोमपाशी ती आली आणि वडिलांच्या रकान्यात तिने बिनदिक्कत 'हॉबर्ट' लिहिलं. मधलं नाव बापाचं नाही तर कुणाचं असणार? लेकीचं नाव तिने हट्टाने रेवा डॅनियल व्हिटकोम ठेवलं होतं. जोसायाच्या आईचं माहेरचं आडनाव हॉबर्ट होतं, हे तिला पत्रातूनच कळलं.

ती तडक कचेरीत गेली.

"खोडा हो ते. असा माणूस नव्हताच."

"खोडायला मृत्यूचा दाखला लागतो," कारकूनबाई म्हणाल्या.

"जो जन्मलाच नाही तो मरेल कसा?"

"तेच तर. म्हणजे ते हयात आहेत. दुसरं असं, की जोसायाचे खरे वडील सापडले. त्यांनी आपला मुलगा परत नेला. आता हॉबर्टसाहेबांचा अपत्याचा रकाना रिकामा आहे, आणि तो तसा ठेवता येत नाही."

"मग?"

"ज्या घराने नोंद केली, त्याच घराने तो भरायचा."

शलाकाच्या घरात मूल एकच होतं.

मंगळवारी तिने रेवाला शाळेत पाठवलं नाही. दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या. तरी तीन वाजता हॉबर्ट स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेले होते. पायाशी ट्रंक. माणूस सभ्य वाटला, तेवढंच. चेहऱ्यावर लक्षात राहील असं काही नव्हतं.

"बाळ, नाव काय तुझं? पूर्ण सांग."

शलाका धावली, पण पूर्ण नाव खणखणीत सांगायला रेवाला तिनेच शिकवलं होतं.

"रेवा हॉबर्ट व्हिटकोम."

हॉबर्टनी मान डोलावली आणि ट्रंक उघडून कपडे लावायला घेतले. शलाका रेवाला छातीशी धरून बसून राहिली. डॅनियल येऊ दे, एवढंच ती म्हणत होती.

सहा वाजता बेल वाजली. दारात डॅनियल, हातात सकाळचाच डबा.

"माफ करा," तो म्हणाला. "व्हिटकोम इथेच राहतात ना? मी माझ्या घराण्याचा शोध घेतोय. कुठूनच काही पत्ता लागत नाही."

"आई, हे काका कोण?" रेवाने विचारलं.

शलाकाने त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग ती बाजूला झाली.

"या ना," ती म्हणाली. "बसा. पाणी आणते तुम्हाला."

नऊ वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं.