बरं हाय न्हवं?

माणसाची प्रकृती ओळखायला वैद्य लागतो, असा शिकलेल्या लोकांचा समज आहे. विट्याकडच्या त्या गावात एका प्रश्नावर भागत असे : "बरं हाय न्हवं?" समोरचा "बरं हाय" म्हणाला की तो निरोगी. विचारणाऱ्याला थांबावंही लागत नसे. या पद्धतीनं गावातले शंभरातले शंभर लोक बरे निघत. (मेलेले धरलेले नाहीत, त्यांना विचारायची चाल नव्हती.)

सेहेचाळीस साली आकाराम लढाईवरून परतला. इटलीत त्याच्या शेजारी बसलेला तासगावचा सिकंदर अर्धं वाक्य बोलून गोळी लागून गेला होता. तेव्हापासून आकाराम जे असेल ते लगेच बोलून टाकी. वेशीत पाटलानं रीतीप्रमाणं विचारलं.

"न्हाई," आकाराम म्हणाला.

पाटील पुढं निघून गेला होता, त्याला मागं यावं लागलं. असा प्रसंग त्याच्या कारकिर्दीत आला नव्हता.

निदानाला गाव बसलं. गावातले जाणते दादासो म्हणाले, विलायती पित्त. केरबा देवरुषी म्हणाला, बाहेरचं लागलंय. आकाराम पाच वर्षं बाहेरच होता, त्यामुळं हे सगळ्यांना पटलं. मग कडुलिंबाचा पाला झाला, म्हसवडच्या सिद्धनाथाला नारळ झाला, मिरच्यांची धुरी झाली. दर उपचारानंतर तोच प्रश्न आणि तेच उत्तर. एकदा धुरीत खोकत तो म्हणाला, "आवं, सिकंदर दिसतोय मला. कुनी बसून ऐकाल का?"

(रोग बळावल्याची ही खूण. मिरच्या वाढवल्या.)

शेवटी मेहुणा मानसिंग गाडी जुंपून आला. बरा नसलेल्याच्या घरात बहीण ठेवायची रीत त्यांच्यात नव्हती. आकारामाची बायको रंगूबाई बोचकं घेऊन गाडीपाशी उभी राहिली, पण चढेना.

"दाजी, शेवटचं इचारतो. बरं हाय न्हवं?"

आकारामानं बोचक्याकडं बघितलं.

"बरं हाय."

मानसिंगनं बैल सोडले. गुण आला म्हणून केरबाला कोंबडा मिळाला. त्या दिवसापासून आकारामाची प्रकृती उत्तम आहे. झोप लागत नाही, पण ते कुणी विचारत नाही. रंगूबाईनं तर तो प्रश्न त्याला पुन्हा कधीच विचारला नाही. ती नुसती उशाशी बसून राहते. (गावात याला उपचार म्हणत नाहीत.)

असो. तुमचं बरं आहे ना? उत्तर मोठ्यानं दिलं नाही तरी चालेल. विचारणारा पुढं गेलेला असतो.