दोन फ्लॉप्यांतले आण्णा

सहा फ्लॉप्या कॉम्प्युटरने निमूट गिळल्या आणि सातवीला तो अडून बसला. आत काहीतरी करकरलं, पडद्यावर इंग्रजीत नकार आला आणि आधीच्या सहांचं कामही त्याने आपणहून पुसून टाकलं. माधुरीने फ्लॉपी काढली, फुंकर मारली, परत घातली. पुन्हा नकार. मागे खाटेवर तिचे आण्णा, म्हणजे वडील आसाराम, बसले होते. राहात्याच्या बाजारात पेरूचे लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली होती. आता गळ्याला पट्टी होती, आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून घेतल्यामुळे ते नुसते बघत होते.

ऑपरेशनच्या आधी माधुरीने त्यांना नगरला, ती शिकवायची त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, माइकसमोर बसवलं होतं. रोजच्या बोलण्यातली वाक्यं एकेक करून भरून घेतली होती. आसाराम माइकला पेरूचा व्यापारी समजून असे ओरडले, की शेजारच्या खोलीतली मुलं टायपिंग सोडून बघायला आली. मग तिने प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावरचं बटण दाबलं की आण्णांच्याच आवाजात वाक्य ऐकू यायचं. ज्याच्या पेरूचे लिलाव आण्णा पुकारायचे, त्या आडतदाराने दुकानातला जुना कॉम्प्युटर घरी पाठवला. सगळं जमलं होतं. फक्त प्रत्येक वाक्याची वेगळी फाईल झाली होती आणि त्या फायलींच्या अकरा फ्लॉप्या. एसटीच्या धक्क्यांत अकरातली एक तरी दगा देणार, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

फ्लॉप्या आईच्या ताब्यात देऊन ती नगरला परतली. क्लासमधली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या रमीजने तिलाच झापलं.

"एवढा पसारा कशाला? दोन फायली कर. एकीत प्रोग्रॅम, दुसरीत सगळा आवाज. दोन फ्लॉप्यांत काम खलास."

"बसत नाही ना तेवढ्यात."

"कापाकापी कर, उरलेला आवाज दाबून लहान कर, बसेल. तुझे वडील दर वाक्याआधी खाकरतात, ऐकलंस का? निम्मी जागा त्या खाकरण्यानेच खाल्लीय."

माधुरीला हसू आलं. तिने सगळं खाकरणं छाटून टाकलं आणि कापलेलं वाक्य त्याच नावाने, जुन्यावरच सेव्ह केलं. क्लासच्या कॉम्प्युटरवर जागा नव्हती हे खरं, पण खाकरणं ही काही जपून ठेवायची वस्तू आहे असं तिच्या मनातही आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

दसरा उलटल्यावर ती दोन फ्लॉप्या घेऊन घरी आली. पहिल्याच झटक्यात सगळं चालू झालं. तिने वडिलांचा हात माउसवर ठेवला. आसारामांनी बटण दाबलं.

"चहा टाक," कॉम्प्युटर म्हणाला.

आत भाकरी थापणाऱ्या झुंबरबाईंनी पिठाच्या हातानेच पदर पुढे ओढला. "कोन पाव्हनं आलं गं?"

"आई, आण्णा बोलले!"

झुंबरबाई दारात आल्या. आसारामांनी मोठ्या उत्साहाने दुसरं बटण दाबलं. "जेवलीस का?" कॉम्प्युटरने विचारलं.

"न्हाई बाई," झुंबरबाई मागे सरकल्या. "आवाज तसाच हाय, पन ह्ये न्हाईत. असं येकदम अंगावर बोलत्यात व्हय? आदी खाकरत्यात, मंग बोलत्यात. लगीन झाल्यापासनं म्या ह्यांच्या दारातल्या खाकरन्यावर चहा ठिवलाय, बोलन्यावर न्हाई."

आसारामांनी माउस सोडला आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. डॉक्टरांनी आवाज काढून घेतला तेव्हाही ते रडले नव्हते.

परत खाकरा म्हणावं, तर खाकरायला गळा उरला नव्हता. एकदम तिला आठवलं, जुन्या फ्लॉप्यांत खाकरणं असणारच.

"आई, त्या अकरा फ्लॉप्या कुठायत?"

"हायेत की! खंडेनवमीला पुजल्या म्या, ह्यांच्या हत्याराबरुबर."

आसारामांचं हत्यार म्हणजे लिलावाचा कर्णा. कर्ण्याच्या मागच्या जाड लोखंडी डबीवर झुंबरबाईंनी फ्लॉप्यांची चळत रचली होती आणि वरून हळदकुंकू, झेंडू. माधुरीने धावत जाऊन नाक्यावरच्या बूथवरून रमीजला फोन लावला.

"कर्ण्यावर?" रमीज ओरडला. "अगं, त्यात लोहचुंबक असतं. सगळं पुसलं असणार. पण मावशींना काही बोलू नकोस."

बोलायची गरजच पडली नाही. लेकीने धावत येऊन फ्लॉप्या कर्ण्यापासून लांब केल्या, तेव्हाच झुंबरबाईंना काय ते उमगलं. "म्या ह्यांच्या आवाजाची पूजा क्येली गं, आन् म्याच त्यो घालवला," म्हणत त्या पदरात तोंड खुपसून रडल्या. माधुरीही रडली. थोड्या वेळाने झुंबरबाईंनी नाक पुसलं.

"पन धाच पुजल्या हुत्या. ती मोडकी न्हाई ठिवली. भंगलेली वस्तू पूजंत चालती का?"

सातवी फ्लॉपी मिसळणाच्या डब्यामागे निघाली. नगरला रमीजने तिच्याशी अख्खी दुपार झुंज दिली. शेवटी एका फाईलचा सुरुवातीचा तुकडा तेवढा हाती लागला. पुढचं वाक्य फ्लॉपीने खाल्लं होतं.

माधुरीने त्या तुकड्याचं वेगळं बटण केलं आणि पुढच्या रविवारी घरी येऊन दाबलं. कॉम्प्युटर घसा साफ करून खाकरला आणि गप्प झाला. मेथी निवडणाऱ्या झुंबरबाई उठल्या, त्यांनी चुलीवर पातेलं ठेवलं, पाणी ओतलं. मग आपण काय केलं ते कळून त्या तिथेच चुलीपुढे थांबल्या. आसारामांनी लेकीला बोटाने खूण केली, पुन्हा लाव. आपण असे खाकरतो हे त्यांना स्वतःला कधी ठाऊकच नव्हतं.

तरी संध्याकाळपर्यंत झुंबरबाईंचं समाधान होईना. घरातच बसलेला माणूस दारात आल्यासारखा खाकरेल कशाला? शेवटी त्यांनी खुंटीवरची टोपी काढून नवऱ्याच्या हातात दिली.

"तुमी जरा भाईर जाऊन उभं ऱ्हावा."

आसारामांनी लेकीकडे पाहिलं, टोपी घातली आणि मुकाट्याने अंगणात गेले.

"दाब आता," झुंबरबाई म्हणाल्या.

कॉम्प्युटर खाकरला. झुंबरबाईंनी चहाचं आधण ठेवलं, पदर सारखा केला आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "या. लई उशीर क्येला आज."