राजाची आई की राजाची सासू?

त्या प्राचीन शहराचं नाव कशावरून पडलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पंडितांची त्यावर अजून जुंपलेली होती. पण ते मिटेपर्यंत गाइडने थांबायचं कसं? "ठाऊक नाही" म्हणणाऱ्याला पुन्हा कोण बोलावणार! तेव्हा समोरचं माणूस बघायचं आणि त्याला आवडेल तो अर्थ सांगायचा, ही आपल्या गाइडमहाशयांची रीत. नवपरिणीतांना राणी, व्यापाऱ्यांना बाजारपेठ. इतक्या वर्षांत कधी बोंब झाली नव्हती.

त्या सकाळी घोळक्याच्या पुढे होत्या एक ठसकेबाज बाई, आणि मागे त्यांचा मान खाली घातलेला मुलगा. गाइडने ठोकून दिलं, "राजाने शहराला आपल्या आईचं नाव दिलं!" बाईंनी मुलाकडे असं काही पाहिलं, की एकही शहर न वसवल्याबद्दल तो बिचारा ओशाळलाच.

दुपारी दुसऱ्या बाई आल्या. होणाऱ्या जावयाचं कौतुक सांगता सांगता त्यांना धाप लागली होती.

"राजा सासूला फार मानायचा," गाइड म्हणाला. "शहराला तिचंच नाव!"

या दोघी एकमेकींच्या विहिणी व्हायच्या होत्या आणि एकाच हॉटेलात उतरल्या होत्या, हे त्या बापड्याला काय माहीत? संध्याकाळी चहावर जे भांडण पेटलं, ते थेट पर्यटन कार्यालयात येऊन पोचलं.

तिथल्या साहेबांनी गाइडचं लायसन्स काढून घेतलं. "बोल, आई की सासू?"

गाइडच्या तोंडचं पाणी पळालं. लायसन्स गेलं की चूल बंद. दुसरं काही त्याला येतच नव्हतं. घाबरून तो खरं बोलून गेला. "साहेब, कुणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे आम्हा दोघींना बनवलं मेल्यानं!" वरमाई कडाडल्या.

"परत देऊच नका हो ते लायसन्स!" मुलीची आई म्हणाली.

"अगदी माझ्या मनातलं बोललात, विहीणबाई!"

लग्न ठरल्यापासूनचं हे दोघींचं पहिलं एकमत. त्या हातात हात घालून निघून गेल्या.

साहेबांनी दार लावलं. लायसन्स अजून त्यांच्याच हातात होतं.

"मी बदली होऊन आलो, तेव्हा तू सांगितलं होतंस की राजाने शहराला एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचं नाव दिलं. मी दर भाषणात सांगतो ते. सासुरवाडीतसुद्धा सांगितलंय." साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "ते तरी खरं ना रे?"

गाइडने लायसन्सकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"शंकाच नको, साहेब! ते तर दगडावर कोरलेलं आहे."

"वाटलंच मला," साहेब म्हणाले आणि त्यांनी लायसन्स त्याच्या हातात ठेवलं.