तिसरं ताट

कोयनेच्या जलाशयाकाठी उन्हाळी सुट्टी घालवायची असेल तर कुटुंबात कुत्रा असणं आवश्यक आहे, ही माहिती सांगलीचे हळदीचे व्यापारी धनपाल मगदूम यांना एप्रिलच्या अखेरीस मिळाली. त्यांच्या घरी कुत्रे दोन होते, म्हणजे पात्रता दुप्पट. पहिला ब्रूनो. लेक प्रीती नोकरीसाठी बंगळूरला जाताना त्याला 'तात्पुरता' ठेवून गेली होती, आणि तो आता चांगला प्रौढ झाला होता. दुसरा गुंड्या. त्याला कुणीच ठेवलं नव्हतं. एका पावसाळ्यात तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि उठायचं विसरला.

धनपालअण्णांच्या पत्नी सुरेखाताई नेमधर्माच्या. सूर्य मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, कांदा-लसूण नाही, जमिनीखाली पिकलेलं काही नाही आणि खोटं बोलायचं नाही. पहिले चार नियम पाळायला घरच्यांची थोडीफार मदत होई. पाचवा त्या एकट्याच पाळत.

रात्री न जेवण्याचा नियम अण्णांचाही होता. फक्त तो महापालिकेच्या हद्दीपुरता होता. कराड मागे पडलं की त्यांना दिवेलागणीनंतर भूक लागायला सुरुवात होई. "व्यापारी माणसाला फिरती असती," एवढंच ते म्हणत. सुरेखाताई त्यावर काही बोलत नसत, आणि तेच अण्णांना जड जाई.

'हॅपी शेपूट लेकसाइड कॅम्प'च्या गेटवर खाकी शर्टातले लालासाहेब उभे होते. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी गाडीत डोकावून दोन्ही कुत्र्यांना सलाम केला आणि मग माणसांकडे वळले.

"वैनी, पिशवीत काय हाय?"

"दशम्या. कारळ्याची चटणी. आणि गाळलेलं पाणी."

"कुणासाठी?"

अण्णा खोकले.

"माझ्यासाठी," सुरेखाताई म्हणाल्या.

लालासाहेबांचा चेहरा पडला. "माणसाचं खाणं भाईरनं आणायला बंदी हाय. कुत्र्याचं चालतंय." त्यांनी ब्रूनोकडे पाहिलं, गुंड्याकडे पाहिलं, मग पुन्हा सुरेखाताईंकडे. "मी परत इचारतो, वैनी. सावकाश सांगा. कुणासाठी?"

"माझ्याचसाठी, भाऊ."

पिशवी लोखंडी कपाटात गेली. किल्ली खाकी शर्टाच्या खिशात गेली.

"ब्रूनोचं म्हणाली असतीस तर जीभ झडली असती काय?" गाडी आत घेताना अण्णा म्हणाले.

"जीभ झडली नसती. पण मग दशम्या ब्रूनोलाच घालाव्या लागल्या असत्या. शब्द दिल्यावर."

कॅम्प मात्र देखणा होता. पाणी आटून तांबडी माती उघडी पडलेली, पलीकडे डोंगराची भिंत, काठावर रंगीत तंबू. तंबू भूकंपरोधक आहेत, असं कॅम्पचे चालक धैर्यशील यांनी अभिमानाने सांगितलं, आणि ते खरंही होतं, कारण ते कापडाचे होते. धैर्यशील मूळचे पाटणकडचे. पुण्याला आतिथ्याचा अभ्यासक्रम करून आले होते. इथे कुत्र्याला 'अतिथी' म्हणत आणि माणसाला 'सोबती'. अतिथींच्या निवासात कूलर होता. सोबत्यांच्या तंबूत वारा येणं अपेक्षित होतं.

सुरेखाताईंनी सकाळी देवदर्शन करून दोन घास खाल्ले होते, त्यावर आता ऊन उतरायला आलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "जेवण कधी असतं?"

"नऊला. शेगडीभोवती. कांदा-लसूण मसाल्यातलं वांगं, भाजलेले बटाटे..."

"सूर्यास्ताआधी काही?"

"सूर्यास्ताआधी फक्त अतिथींचं जेवण. साडेसहाला. मुगाची मऊ खिचडी, वाफवलेला भोपळा, दुधी."

"त्यात कांदा-लसूण?"

"अजिबात नाही. विष आहे ते त्यांना."

"बटाटा वगैरे?"

"गॅस होतो."

"पाणी?"

"उकळून, गाळून."

"आणि मीठ?"

"घालत नाही."

मीठ तर त्या दर रविवारी सोडतच. सुरेखाताई थक्क होऊन ऐकत राहिल्या. पर्युषणातसुद्धा सगळ्याच जैन घरांत एवढी काळजी घेतात असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

"मग मलाही तेच वाढा की."

धैर्यशील यांनी दुःखाने मान हलवली. "ताई, अतिथीचं जेवण सोबत्याला देता येत नाही. हा प्राण्यांच्या हक्काचा प्रश्न आहे. कॅम्पवर तीन वेळा बैठक झाली आहे त्यावर."

सुरेखाताई स्वयंपाकघराकडे गेल्या. आत भोपळा चिरत लालासाहेबच बसले होते. खाकी शर्ट मागे खिळ्याला लटकत होता आणि अंगात एप्रन होता.

"भाऊ, माझ्या दशम्या तेवढ्या काढून द्या."

"त्या गेटवरल्या लालासाहेबाकडं, वैनी. त्याची ड्युटी आता सकाळी."

"तुम्हीच की ते."

"माणूस त्योच. ड्युटी येगळी."

"किल्ली त्या शर्टात आहे."

लालासाहेबांनी वळून शर्टाकडे पाहिलं. "दुसऱ्याच्या ड्युटीच्या खिशात हात घालणं बरं न्हवं. पलटणीत अशानं लय जणांचं नुसकान झाल्यालं मी बघितलंय." मग माणूस मुळात मायाळू, म्हणून आवाज खाली आणून ते म्हणाले, "एक हाय. अतिथीचं ताट मालकानं आदी चाखायचं असतंय. मागं एका साहेबाच्या कुत्र्याचं पोट बिघाडलं, तवापास्नं नियमच केलाय."

"किती चाखायचं?"

"किती, ते लिवल्यालं न्हाई."

सुरेखाताईंनी दाराबाहेर पाहिलं. ब्रूनो आणि गुंड्या शेजारी शेजारी बसून त्यांच्याकडेच बघत होते. प्रवासात ते दोघेही उपाशी. मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढून घ्यायचा आणि मग रात्री णमोकार म्हणायचा, हे काही त्यांना जमण्यातलं नव्हतं.

"ताटं दोनच येतील का हो?"

"अतिथी किती, तेवढी ताटं."

म्हणजे तिसरं ताट हवं असेल तर तिसरा अतिथी हवा होता. सुरेखाताई पुन्हा धैर्यशील यांच्याकडे गेल्या. डोंगराची सावली पाण्यात निम्म्यापर्यंत आली होती.

"अतिथी कुत्राच असावा लागतो?"

"छे. जात आम्ही विचारत नाही. मागे एक बकरी येऊन गेली, एक पोपट. पाळीव असल्याशी कारण." धैर्यशील यांना नियमावली तोंडपाठ होती. त्यांनी हात मागे बांधले. "पाळीव म्हणजे, जो स्वतःचं अन्न स्वतः शिजवत नाही. वाढायला उशीर झाला तर अस्वस्थ होतो. दाराशी कुणी आलं की आतूनच आवाज देतो, पण उठून दार उघडत नाही. स्वतःची वस्तू समोर असूनही ज्याला सापडत नाही. आणि घरात एकटा सोडल्यास चार दिवस तग धरेल, याची खात्री देता येत नाही."

"पहिल्यालाच मी बाद," सुरेखाताई म्हणाल्या.

तेवढ्यात काठावरच्या खुर्चीतून, पाय लांब करून बसलेल्या अण्णांचा आवाज आला.

"अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?"

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. सुरेखाताई सावकाश वळल्या. धैर्यशीलही वळले.

"मी माणूस आहे," सगळं ऐकून घेतल्यावर अण्णा म्हणाले.

"त्याला कुणी नाही म्हणत नाही, सर. पाळीव आहात का, एवढाच मुद्दा आहे. स्वयंपाक?"

"चहा करतो की कधीमधी."

"पावडर कुठल्या डब्यात असते?"

अण्णांनी सुरेखाताईंकडे पाहिलं. सुरेखाताईंनी पाण्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही, या नियमात न बोलणंही बसतं, हे अण्णांना संसारात फार उशिरा कळलं होतं.

"अहो, पण मी दिवसभर दुकान बघतो."

"गुंड्याही दुकानावरच बसतो," सुरेखाताई मऊ आवाजात म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. वस्तुस्थिती होती.

सूर्याची कड डोंगराला टेकायला आली होती. बायकोचं तोंड सुकलेलं अण्णांना दिसत होतं, आणि ते काही दगडाचे नव्हते. शिवाय हिशेब सोपा होता. साडेसहाचं ताट तिला, नऊची शेगडी आपल्याला. लालासाहेब मघापासून लसूण सोलत होते, तो वास वाऱ्यावर येतच होता.

"घाला पट्टा," अण्णा म्हणाले.

पट्टा निळा होता, त्यावर 'धनपाल' असं लिहून मिळालं. ब्रूनोने त्यांना हुंगून ओळख नव्याने करून घेतली. तीन ताटं आली. दोन भराभर रिकामी झाली. तिसऱ्यासमोर सुरेखाताई बसल्या आणि नियमाप्रमाणे चाखू लागल्या.

"चाखा, वैनी. घाई न्हाई," लालासाहेब ताटावर पहारा देत म्हणाले. "सूर्याकडं तेवढं ध्यान असू द्या."

भोपळा चाखून झाला. दुधी चाखून झाला. खिचडीचा शेवटचा घास चाखून, गाळलेल्या पाण्याने चूळ भरून त्यांनी हात जोडले, तेव्हा डोंगरावर अजून नखभर उजेड होता. "उत्तम आहे," त्यांनी अभिप्राय दिला, आणि तो अक्षरशः खरा होता.

नऊ वाजता अण्णा शेगडीकडे निघाले. धैर्यशील आडवे आले.

"सर, अतिथींना कांदा-लसूण देत नाही आम्ही."

"मी आपला ताटापुरता अतिथी होतो."

"असं मधूनच सोडता येत नाही, सर. उद्या ब्रूनो म्हणाला, मी आता माणूस, तर? आणि सूर्यास्तानंतर तर काहीच नाही. पचन बिघडतं."

"अहो, मला भूक लागली आहे."

"अस्वस्थ होतात. नियमावलीत आहेच ते."

अशा रीतीने सांगलीच्या हद्दीबाहेर धनपालअण्णांचा रात्रिभोजनत्याग प्रथमच पूर्ण झाला. झोपण्याची सोय अतिथी निवासात होती. सुरेखाताई वाऱ्याची वाट बघत तंबूत पडल्या.

सकाळी त्या काळजीने पाहायला गेल्या, तर अण्णा कूलरसमोर, ब्रूनो आणि गुंड्याच्या मध्ये, कित्येक वर्षांत झोपले नव्हते तसे झोपले होते. उठल्यावर त्यांना फिरवून आणलं. केस विंचरून दिले. नारिंगी जॅकेट घालून पाण्यात सोडलं. बाहेर काढून पुसलं. हळदीचा भाव कुणी विचारला नाही. घरी लाईटबिल भरलं का, हेही नाही. त्यांनी चेंडू आणून दिला तेव्हा तर धैर्यशील यांनी पाठ थोपटली.

निघताना लालासाहेब पुन्हा खाकी शर्टात होते. त्यांनी कपाट उघडून पिशवी काढली. "आजून मऊ हायेत बगा, वैनी."

"ठेवा तुम्हालाच."

"कुणासाठी?" त्यांनी सवयीने विचारलं.

"तुमच्यासाठी. दोन्ही ड्युट्यांना."

पट्टा परत करायचा होता. अण्णांनी तो काढायला बराच वेळ लावला. "पुढच्या महिन्यात जागा असती का हो?" त्यांनी जाता जाता विचारलं.

सांगलीत आल्यावर, प्रवचन सुटल्यावर, मंदिराच्या ओट्यावर बायकांनी सहज विचारलं, कशी झाली सहल? सुरेखाताईंना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी पाळीवपणाच्या पाचही खुणा जशाच्या तशा सांगितल्या. कुणी बोटं मोडत होतं, कुणी मोजत होतं. मग एकीने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "एका घरातले दोन चालतील का? मुलगाही तसाच आहे."

कॅम्प आता दिवाळीपर्यंत भरला आहे. कुत्र्यांना जागा मिळत नाही, अशी तक्रार ऐकू येते.

ही गोष्ट वाचताना आपल्यालाही हसू आलं असेल. हाताशी चहाचा कपही असेल. तो कुणी आणून ठेवला, आणि साखर कुठल्या डब्यात असते, हे एकदा मनाशी आठवून पाहावं. आठवलं तर उत्तमच. न आठवल्यास पट्टा घेताना तो गळ्याभोवती दोन बोटं सैल राहील असा घ्यावा, असं धैर्यशील सांगतात. टोचत नाही म्हणे. थोड्या दिवसांनी तर तो घातलाय, हेही लक्षात राहत नाही.