माहीत नसल्याचा पुरावा

न्याय कालातीत असतो. अर्ज तसा नसतो. किलिमांजारोच्या पायथ्याशी आफ्रिकी देशांचं आमचं सामाईक मानवी हक्क न्यायालय आहे. त्याच्या आवक शाखेत बसून मी एकोणीस वर्षं हेच पाहत आलो. देशातलं शेवटचं अपील फेटाळलं गेलं की माणसाने ‘वाजवी मुदतीत’ आमच्याकडे यावं, असा नियम आहे. वाजवी म्हणजे किती, हे नियमात लिहिलेलं नाही. (लिहिलं असतं तर लोकांनी मुदत पाळली असती आणि उशीर ठरवणारी आमची चौदा माणसं रिकामी बसली असती.) गेल्या वर्षी आलेल्या दोनशे सहा अर्जांपैकी एकशे नव्वद उशिराचे ठरले. उरलेल्या सोळांचं अजून ठरायचं आहे.

सेफानिया म्ब्वाम्बो हा सायकली दुरुस्त करणारा माणूस. दरोड्याच्या आरोपाखाली त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. खटल्यात वकील मिळाला नव्हता. शेवटचं अपील फेटाळल्यावर साडेपाच वर्षांनी त्याचा अर्ज तुरुंगातून आमच्याकडे आला. उशिराचं कारण त्याने एका ओळीत दिलं होतं: असं न्यायालय असतं हे मला माहीत नव्हतं, शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर वाचलं.

सरकारी वकील म्वाकालिंगा (अत्यंत सज्जन माणूस, उत्तर द्यायला त्यांनी चौदा महिने जादा मागितले आणि न्यायाच्या हितासाठी आम्ही ते दिले) यांनी हरकत घेतली. तुरुंगापासून न्यायालय दीड किलोमीटरवर. त्यावरचा झेंडा कैद्यांच्या अंगणातून दिसतो. मग माहीत नव्हतं कसं? जो दावा करतो त्यानेच तो सिद्ध करावा. तत्त्व बिनतोड होतं. आम्ही सेफानियाला पत्र धाडलं: माहीत नसल्याचा पुरावा तीस दिवसांत सादर करावा.

पत्र घेऊन त्याची थोरली बहीण नामसिफू माझ्या खिडकीशी आली. बाजारात केळी विकणारी बाई. तुरुंगाधिकाऱ्यांकडे ती आधीच जाऊन आली होती. कैद्याला काय माहीत नाही याची नोंदवही आम्ही ठेवत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

“दादा, जे नाहीच ते आणू कुठून?”

“प्रतिज्ञापत्र चालेल,” मी म्हणालो. “तीन प्रतींत.”

तिने बाजार पालथा घातला. एकवीस दिवसांत एकेचाळीस जणांनी लिहून दिलं की या शहरात असं न्यायालय आहे हे आम्हांलाही माहीत नव्हतं. त्यात आमच्या दारात रोज बस थांबवणारा कंडक्टर होता (तो आम्हांला दवाखाना समजत होता, आत जाणाऱ्यांचे चेहरे तसेच असतात, असं त्याचं म्हणणं). न्यायालयाची माळीणबाईही होती.

म्वाकालिंगांनी सगळी वाचून एकच वाक्य लिहिलं: प्रतिज्ञापत्रात न्यायालयाचा उल्लेख आहे, त्या अर्थी सही करणाऱ्यांना ते माहीत आहे. आमच्या शाखेने ते वाक्य आदराने नमुन्यांच्या फायलीत लावून घेतलं.

सुनावणीत नामसिफूला बोलू दिलं गेलं.

“भेटीला गेले की तो मला तुमचा झेंडा दाखवायचा,” ती म्हणाली. “म्हणायचा, ताई, ते मोठं हॉटेल दिसतंय. सुटलो की तिथं चहा पिऊ. साहेब, माहीत असतं तर तो चहाचं बोलला असता का?”

न्यायमूर्तींनी मतं दिली. सहा विरुद्ध पाच मतांनी उशीर माफ झाला.

मग मूळ मुद्दा: वकील नव्हता हे सेफानियाने सिद्ध करावं, असं सरकार म्हणालं. पण खटल्याची फाइल सरकारकडेच होती, तेव्हा या वेळी पुरावा सरकारने द्यावा, असं ठरलं. फाइल वाळवीने खाल्ली होती. (वाळवीने मुदतवाढ मागितली नव्हती.) एकूण अकरा वर्षं तुरुंगात काढून सेफानिया सुटला. तो सध्या बहिणीच्या केळ्यांच्या ढिगाशेजारी सायकलींची पंक्चरं काढतो.

या खटल्यातून एक सुधारणा मात्र झाली. न्यायालयाची माहिती सर्वांना व्हावी असा मजकूर प्रसिद्ध करण्याचं काम आवक शाखेकडे आलं. तो मजकूर हाच. आपण तो शेवटपर्यंत वाचला आहे, तेव्हा माहीत नव्हतं असं यापुढे आपल्याला म्हणता येणार नाही. आपली मुदत सुरू झाली आहे. किती, ते कृपया विचारू नये.